लग्नगडी ते संयुक्त पट्टा

झरी हे गाव आज पालघर जिल्ह्यातल्या तलासरी तालुक्यात आहे. 1945 साली ते ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यात होते. त्या वर्षी 23 मे रोजी तिथे सुमारे 5 हजार वारली आदिवासी जमले. परिषद किसान सभेने बोलावली होती. जमीनदाराची वेठ करायची नाही, रोख मजुरीशिवाय त्याच्या शेतावर पाय ठेवायचा नाही, असे तिथे ठरले. वेठबिगारीविरुद्धचा लढा म्हणून झरीची नोंद इतिहासात झाली आहे आणि ती रास्तच आहे. पण त्या परिषदेत आणखी एका गोष्टीला तोंड फुटले. एका छपराखाली राहणाऱ्या नवऱ्या-बायकोवर हक्क कुणाचा, हा प्रश्न या भागात पहिल्यांदा भर सभेत आला तो तिथे, लग्नगड्यांच्या निमित्ताने.

लग्नगडी म्हणजे लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी गडी झालेला माणूस. लग्न ठरले की वारली तरुण जमीनदाराकडून शे-दोनशे रुपये उचलायचा. कर्ज फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचे, असा बोलीचा करार. वही जमीनदाराची, लिहिणारा जमीनदाराचा, अंगठा तेवढा याचा. त्यामुळे कर्ज फिटत नसे. त्याच्या पाठोपाठ बायकोही जमीनदाराच्या घरी आणि शेतावर कामाला जुंपली जाई. तिने कसलीही उचल घेतलेली नसे, तिला कुणी विचारलेलेही नसे. तिच्या अंगावरही जमीनदार हक्क सांगायचे, हे गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात जागोजाग लिहून ठेवले आहे. सरकारला हे ठाऊक नव्हते असेही नाही. आदिवासींच्या स्थितीवरचा सिमिंग्टन यांचा अहवाल 1938 सालचा आहे आणि लग्नाच्या कर्जापोटी होणारी ही गुलामगिरी त्यात आलेली आहे. अहवाल झाला, पुढे काही हलले नाही.

झरीच्या आधी, 1945 च्याच जानेवारीत, टिटवाळ्याला महाराष्ट्रातल्या किसान सभेचे पहिले अधिवेशन भरले होते. उंबरगाव-डहाणूकडचे काही वारली चालत, विचारत तिथे पोचले. त्यांतला माह्या धांगडा व्यासपीठावर उभा राहिला आणि आपल्या मुलखात काय चालते ते त्याने सांगितले. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर हे दांपत्य तिथून या भागात आले ते कायमचेच. गोदावरीबाई मूळच्या पुण्याच्या गोखले, कायद्याच्या पदवीधर, भारत सेवक समाजाच्या पहिल्या महिला आजीव सदस्य. कायदा शिकलेल्या बाईला कागदाची ताकद कळते. लग्नगड्याचा करार बोलीचा, नोंद एकट्या जमीनदाराच्या वहीत, म्हणजे ते कर्ज कोर्टात टिकणार नाही, हे त्यांना पहिल्या दिवशी कळले असणार. पण त्यांनी कोर्टाचा रस्ता धरला नाही. झरीनंतर लाल बावटा घेऊन वारली गावोगाव फिरले, ‘आजपासून तू मोकळा’ असे लग्नगड्यांना त्यांच्या मालकांसमोर सांगत गेले. काही आठवड्यांत त्या भागातले लग्नगडी मोकळे झाले.

त्याची किंमत पुढच्या दोन वर्षांत चुकवावी लागली. 10 ऑक्टोबर 1945 रोजी तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला. त्यात जेठ्या गांगड आणि त्याचे साथीदार, असे पाच जण मारले गेले. 1946 मध्ये परुळेकर दांपत्याला जिल्ह्यातून हद्दपार केले. 1947 च्या जानेवारीत पालघर तालुक्यातल्या नानिवलीत पुन्हा गोळीबार झाला. बोईसरहून चिल्हारकडे जाणाऱ्या रस्त्याने आज कारखान्यांचे ट्रक धावतात, नानिवली त्याच पट्ट्यातले.

लग्नगडी मोकळा झाला, तरी लग्नाचा खर्च काही मोकळा झाला नाही. या भागातल्या एकत्र राहण्याच्या रीतीबद्दल शहरात फार उथळ बोलले जाते, म्हणून इथे थोडे थांबायला हवे. वारल्यांचे लग्न ब्राह्मण लावत नाही, धवलेरी लावते. ती बाई असते आणि लग्न तिच्या गाण्यांनी लागते. त्याआधी सवाशिणी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात आणि चौकात पालघट देवी बसते. चौक नाही तर लग्न नाही. पण चौकापर्यंत पोचायचे तर पाड्याला जेवण, पाहुण्यांची सोय, मुलीकडच्यांचे देणे, कपडे, तारपेवाला, मंडप हे सगळे उभे करावे लागते. भाताचे एक पीक घेऊन चार महिने वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या घराला ते एका हंगामात झेपत नाही. मग मुलगा मुलीला घरी आणतो, दोन्हीकडची माणसे बसून बोलतात, पाड्याला कळते, संसार सुरू होतो. लगीन राहते. पाच वर्षांनी, पंधरा वर्षांनी, कधी मुलाच्या लग्नाच्या मांडवातच आईबापांचेही लगीन लागते. जव्हार, मोखाडा, डहाणूकडच्या सामुदायिक विवाहांत कडेवर मूल घेऊन बसलेली नवरी दिसली की वर्तमानपत्रे कौतुकाने फोटो छापतात. त्या बाईच्या दृष्टीने त्यात कौतुकाचे काही नसते. ती त्या घराची आधीपासूनच कारभारीण असते.

पाड्यात तिच्या नात्याबद्दल कुणाला शंका नसते. अडते ते कचेरीत. 1955 चा हिंदू विवाह कायदा कलम 2(2) प्रमाणे अनुसूचित जमातींना लागू नाही, म्हणजे त्यांच्या लग्नाला त्यांचीच रूढी लागू. रूढी सांगते, चौक लिहिल्याशिवाय लग्न पुरे होत नाही. म्हणजे जिने वीस वर्षे संसार केला आणि चौकाचा खर्च जिला कधी झेपला नाही, ती कायद्यानेही बायको नाही आणि रूढीनेही पुरती नाही. नवरा जिवंत आहे तोवर हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. तो गेला की तलाठ्याकडे वारस नोंदीला जावे लागते.

स्वातंत्र्यानंतरच्या तीस वर्षांत किसान सभेने जमिनीसाठी पुष्कळ केले. कूळकायदा आला, 1 एप्रिल 1957 चा कृषकदिन आला, त्याच वर्षी शामराव ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले. तलासरीला आदिवासी प्रगती मंडळाच्या रूपाने शिक्षणाचे काम उभे राहिले. पालघर तालुक्यात 1970 नंतर काळूराम धोदडे यांच्या भूमिसेनेने गेलेल्या जमिनी परत मिळवण्यासाठी आणि वेठीविरुद्ध वेगळा झेंडा उभारला. त्या दशकाच्या अखेरीस डहाणूकडे कष्टकरी संघटना आली. वेठबिगारीविरुद्धचा देशव्यापी कायदा 1976 चा, म्हणजे झरीनंतर एकतीस वर्षांनी. या सगळ्या लढ्यांत बायका पुढे होत्या. मोर्च्यात, तुरुंगात, पोलिसांच्या लाठीपुढे. तरीही मिळालेली जमीन चढली ती पुरुषाच्या एकट्याच्या नावावर. मला किसान सभेच्या कामाबद्दल मनापासून आदर आहे आणि म्हणूनच हे लिहावेसे वाटते: ज्या सभेने लग्नगड्याच्या बायकोला जमीनदाराच्या दारातून सोडवले, तिने तिचे नाव सातबारावर लावायचा आग्रह त्या काळात धरला नाही. तो प्रश्न पुढे आणला तो मुख्यतः बायकांनी. 1981 साली जनवादी महिला संघटना स्थापन झाली आणि या भागात तिने दारू, मारहाण, भुताळी ठरवून बाईला छळणे यांविरुद्ध जे काम उभे केले, त्यातून घरातल्या बाईच्या नावाचा प्रश्न सभेपर्यंत पोचला.

राज्याच्या इतर भागांत शेतकरी संघटना हाच प्रश्न वेगळ्या वाटेने हाताळत होती. 1986 च्या चांदवड अधिवेशनानंतर शरद जोशींनी ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम दिला आणि गावेच्या गावे आपली थोडी जमीन बायकोच्या नावे करू लागली. 1992 मध्ये सरकारने तशी योजनाही काढली. पण ती वाट सातबारा असलेल्यांची. पालघर-डहाणूच्या डोंगरपट्टीत पिढ्यानपिढ्या कसलेली जमीन वनखात्याच्या नावे होती. नवऱ्याकडेच कागद नव्हता, तर बायकोला वाटा कशातून देणार?

मग 2005 साल आले आणि लग्नाशिवायच्या सहजीवनाचा प्रश्न कायद्यापुढे आला, इथेही आणि दूर देशातही. त्या वर्षी जूनच्या 5 तारखेला स्वित्झर्लंडमधल्या मतदारांनी समलिंगी जोडप्यांच्या नोंदणीकृत सहजीवनाच्या कायद्यावर मत दिले आणि 58 टक्क्यांनी तो मंजूर केला. डेन्मार्कने असा कायदा जगात सर्वांत आधी, 1989 साली केला होता. तो संसदेने केला होता, स्वित्झर्लंडचा लोकांनी मतपेटीतून मंजूर केला. आपल्याकडे त्याच वर्षी 24 ऑगस्टला लोकसभेने आणि 29 ऑगस्टला राज्यसभेने कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा मंजूर केला. त्याच्या कलम 2 मध्ये ‘विवाहसदृश नाते’ असे शब्द बसले. लग्न न लागता एका घरात राहणाऱ्या बाईला मारहाणीविरुद्ध दाद मागता येईल, घरात राहण्याचा हक्क सांगता येईल, असे देशाच्या संसदेने पहिल्यांदा मान्य केले. हा कायदा लिहिताना दिल्लीत कुणाच्या डोळ्यांपुढे मोखाड्याची बाई होती असे नाही, पण तो तिला लागू झाला.

पुढच्याच वर्षी, 15 डिसेंबर 2006 रोजी, लोकसभेने वनहक्क कायदा मंजूर केला. त्याच्यासाठी देशभरच्या आदिवासी संघटना झगडल्या आणि पालघरच्या सगळ्या संघटनांचा त्यात मोठा वाटा होता. त्यातले कलम 4(4) मला या वाटचालीतला सर्वांत मोठा टप्पा वाटतो. वनजमिनीच्या हक्काचा कागद, म्हणजे पट्टा, वारसाने पुढे जाईल, विकता येणार नाही, आणि विवाहितांच्या बाबतीत तो नवरा-बायको दोघांच्या नावे संयुक्त राहील, असे ते कलम सांगते. ‘शक्यतो’, ‘इच्छा असल्यास’ असली पळवाट त्यात नाही.

आता ‘विवाहित’ कोण हे ठरवायचे कुणी? कायद्याने त्याची व्याख्या दिलेली नाही. वैयक्तिक दाव्याचा नमुना अर्ज पाहिला तर पहिल्या रकान्यात दावेदाराचे नाव, दुसऱ्या रकान्यात पती किंवा पत्नीचे नाव, तिसऱ्यात आईबापांचे. पुढे पत्ता, गाव, ग्रामपंचायत, तालुका, जिल्हा, मग जमात, मग घरातली बाकीची माणसे वयांसह. विवाह नोंदणीचा दाखला जोडा असे अर्जात कुठेही लिहिलेले नाही. दाव्यासाठी लागणाऱ्या पुराव्यांच्या यादीत गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही धरला आहे. म्हणजे 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून हे घर ही जमीन कसत आहे, असे म्हाताऱ्याने सांगितले, ते लिहून घेतले, त्याचा अंगठा घेतला, तर तो पुरावा.

पाड्यावर हे अर्ज भरताना दुसऱ्या रकान्यापाशी काय होते, ते या कामात असलेल्या कुणालाही विचारा. अर्ज भरणारा पोरगा बहुतेक वेळा आश्रमशाळेत दहावी-बारावी झालेला, गावातलाच. तो पेन उचलतो आणि विचारतो, ‘बाईचं नाव?’ दावेदार नाव सांगतो. कधी बाई मागे उभी असते, ती आपले माहेरचे नाव सांगते, कारण आधार कार्डावर तेच आहे. मग प्रश्न येतो: आडनाव कोणते लिहायचे? कुणीतरी म्हणते, ‘लगीन नाय झालं अजून.’ दुसरा लगेच म्हणतो, ‘तीन पोरं झाली, काय नाय झालं?’ आणि पोरगा नाव लिहून टाकतो. जिथे तो लिहीत नाही, ‘नंतर बघू’ म्हणून रकाना कोरा ठेवतो, तिथे पट्टा एकट्या पुरुषाच्या नावे येतो आणि पुढे दुरुस्तीसाठी उपविभागीय समितीकडे हेलपाटे घालावे लागतात. त्यामुळे अर्ज भरायला बसलेल्या कार्यकर्त्याने तो रकाना कोरा सोडू नये, हे प्रत्येक शिबिरात सांगितले जावे, अशा मताचा मी आहे.

वनहक्क समिती दावे तपासते आणि निर्णयासाठी ग्रामसभेपुढे ठेवते. 2012 च्या सुधारित नियमांनी ग्रामसभेची गणपूर्ती निम्म्या सदस्यांची ठरवली. हजर असलेल्यांत किमान एकतृतीयांश बायका हव्यात, दाव्यांवर ठराव करायचा तर निम्मे दावेदार किंवा त्यांचे प्रतिनिधी हजर हवेत, आणि हजर राहून मत देणाऱ्यांच्या साध्या बहुमताने ठराव व्हावा. ही कलमे कंटाळवाणी वाटतील, पण त्यांचा अर्थ एवढा मोठा आहे की तो सरळ सांगितला पाहिजे. दोघे जोडपे आहेत की नाहीत आणि त्यांची जमीन दोघांच्या नावे लागावी की नाही, यावर पालघर जिल्ह्यातल्या पाड्यापाड्यावर मतदान होते. शाळेच्या व्हरांड्यात, समाजमंदिरात, हात वर करून. स्वित्झर्लंडच्या मतपेटीत सबंध देशासाठी एकच नियम ठरला. इथे एकेका जोडप्याचा निवाडा होतो, आणि मत देणारा तो संसार रोज डोळ्यांनी पाहत असतो.

2014 च्या मार्चमध्ये पेसाचे, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींच्या कायद्याचे, राज्याचे नियम आले. त्याच वर्षी 1 ऑगस्टला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा, डहाणू, तलासरी हे तालुके अनुसूचित क्षेत्रात, पालघर तालुका अंशतः. पेसाने ग्रामसभेला रूढी-परंपरा जपण्याचा आणि रूढीप्रमाणे तंटे मिटवण्याचा अधिकार दिला आहे. तेव्हा जोडप्यांची नोंदवही ठेवायचे एखाद्या ग्रामसभेने ठरवले, तर तिला अडवणारे पेसात मला काही दिसत नाही.

मात्र बहुमताच्या हाती सगळे सोपवून मोकळे व्हावे इतके हे सोपे नाही. याच मुलखात एकट्या विधवेला भुताळी ठरवून तिची जमीन बळकावण्याचे प्रकार झाले आहेत आणि तेव्हा पाड्याचे बहुमत तिच्या विरोधात असते. दुसऱ्या जमातीच्या पुरुषाबरोबर राहणाऱ्या मुलीला पाडा सहजासहजी आपले म्हणत नाही. पुरुषाने आधीची बायको असताना दुसरी आणली तर रकान्यात नाव कुणाचे, यावर सभेत भांडणे होतात. त्यात सहसा ज्या बाईचे भाऊ गावात जास्त, तिचे नाव लागते. अशा बाईला सभेबाहेर दाद मागायला जागा हवी. 2005 चा कायदा ती जागा देतो, पण पुरती नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या वेलुसामी निकालात विवाहसदृश नात्याच्या अटी सांगितल्या: दोघे समाजापुढे नवरा-बायकोसारखे वावरलेले हवेत, दोघांचे लग्नाचे वय झालेले हवे, दोघेही लग्नाला मोकळे हवेत आणि बराच काळ स्वखुशीने एकत्र राहिलेले हवेत. तिसऱ्या अटीने दुसरी बाई बाहेर पडते. 2013 च्या इंद्रा सरमा निकालातही तेच झाले, जरी न्यायालयाने त्या वेळी अशा बायकांसाठी संसदेने काही करावे असे म्हटले.

पहिली अट मात्र पुन्हा वाचावी. आपण समाजापुढे नवरा-बायको म्हणून वावरतो, हे न्यायालयात सिद्ध करायला शहरातल्या बाईला शेजाऱ्यांचे जबाब, भाडेकरार, फोटो गोळा करावे लागतात. पाड्यातल्या बाईकडे ग्रामसभेचा ठराव असू शकतो. दीर्घ सहवासावरून विवाह गृहीत धरावा, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली पन्नास वर्षे एकत्र राहिलेल्या जोडप्याच्या बाबतीत लावले होते. ग्रामसभेच्या ठरावाइतका या सहवासाचा चांगला पुरावा दुसरा कोणता, हे मला कुणी सांगावे.

डोंगरपट्टी उतरून बोईसरला आले की हा सगळा आधार गळून पडतो. तारापूर अणुवीज केंद्र 1969 साली सुरू झाले, पाठोपाठ एमआयडीसी आली: रसायने, औषधे, कापड, पोलाद. जव्हार-मोखाड्याचे आदिवासी, उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचे कामगार, सगळे दहा बाय दहाच्या खोल्यांत. इथे जोडपे एकत्र राहू लागले तर साक्षीला पाडा नसतो, खोलीमालक असतो, आणि त्याला भाड्याशी मतलब. तारापूरच्या कारखान्यांत स्फोट आणि आगी नव्या नाहीत. कामगार गेला की भरपाईचा हक्कदार कोण हे ठरते. 1923 च्या भरपाई कायद्याने आश्रितांच्या व्याख्येत ‘विधवा’ घेतली. अज्ञान मुलगा औरस असो वा अनौरस, त्याची सोय केली, जरी अनौरसाला आपण बापावर अवलंबून होतो हे दाखवावे लागे. ज्या बाईने त्या कामगाराचा डबा भरला, त्याची पोरे वाढवली, ती विधवा असल्याचा कागद नसेल तर तिचे नाव व्याख्येत कुठेच नाही. तिच्या पोराला मिळू शकते, तिला नाही. कामगार संघटनांनी अशा बायकांची प्रकरणे एकेकटी लढवली असतील, पण एकत्रित मागणी म्हणून हा प्रश्न अजून कुणी पुढे रेटलेला मला दिसत नाही. लाल बावट्याचीच एक संघटना डोंगरात जोडप्याचे नाव पट्ट्यावर लावून घेते, तर तिच्याच भावंड संघटनेने कारखान्याच्या दारात तो प्रश्न का घेऊ नये?

राज्य सरकारच्या पातळीवर एकदा दार किलकिले झाले होते. फौजदारी न्यायव्यवस्थेतल्या सुधारणांसाठीच्या मलिमथ समितीने 2003 मध्ये शिफारस केली होती की पोटगीच्या कलमात ‘पत्नी’च्या व्याख्येत दीर्घकाळ पत्नीसारखी राहिलेली स्त्री धरावी. 2008 च्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने तशा दुरुस्तीला मान्यता दिली. वर्तमानपत्रांतून ‘लिव्ह-इन’ची खूप चर्चा झाली, ती सगळी मुंबई-पुण्याच्या नोकरदार तरुणांना धरून. दुरुस्ती कायद्यात उतरली नाही. त्या चर्चेत डहाणू-तलासरीच्या हजारो घरांची आठवण कुणाला झाली असती, तर कदाचित त्या प्रस्तावाला नैतिकतेच्या वादाऐवजी पोटापाण्याचा प्रश्न म्हणून पाहिले गेले असते.

उत्तराखंडात उलट घडले. तिथल्या विधानसभेने 7 फेब्रुवारी 2024 रोजी समान नागरी संहिता आवाजी मतदानाने मंजूर केली. त्यात सहजीवनाची नोंदणी सक्तीची केली आणि न केल्यास शिक्षा ठेवली. अनुसूचित जमातींना त्यातून वगळले आहे, ते चांगले झाले. पाड्यातल्या बाईला नोंदणी हवी आहे ती हक्कासाठी. पोलिसाला कळवायची नोंदणी तिला नको.

सहजीवनाच्या मान्यतेचा प्रश्न न्यायालयातही पोचला होता. उत्तराखंडच्या आधी सुमारे चार महिने, 17 ऑक्टोबर 2023 रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी समलिंगी जोडप्यांच्या याचिकांवर निकाल दिला. विवाहाचा मूलभूत हक्क नाही यावर पाचही जणांचे एकमत झाले. सहजीवनाला कायदेशीर मान्यता मिळण्याच्या हक्कावर मात्र मते तीन विरुद्ध दोन अशी फुटली. चंद्रचूड आणि कौल बाजूने, भट, कोहली आणि नरसिंह विरोधात. एका मताने ते दार बंद झाले. पण पुढच्या वर्षी काय झाले पाहा. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने स्पष्ट केले की अशा जोडीदारांना बँकेत संयुक्त खाते उघडायला आणि एकमेकांना नामनिर्देशित करायला आडकाठी नाही. शिधापत्रिकेसाठी त्यांना एका घरातले मानावे, असेही राज्यांना कळवले गेले. लग्नाचा दाखला न देता शिधापत्रिका, बँक खाते, असे एकेक हक्क हाती येऊ लागले. पालघरच्या पाड्यांना हा रस्ता नवा नाही, त्यांच्या हाती हक्क आला तोही असाच, पट्ट्याच्या रकान्यातून. म्हणून माणसांच्या या दोन गटांनी एकमेकांकडे पाहावे असे मला वाटते, कितीही लांबची वाटली तरी.

पट्ट्याचा रस्ता मात्र सोपा नव्हता. 6 मार्च 2018 ला नाशिकहून निघालेला किसान सभेचा लाँग मार्च 12 तारखेला मुंबईच्या आझाद मैदानावर पोचला. हजारो माणसे, त्यांत बायकाही मोठ्या संख्येने, पायांना आलेले फोड सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. मुख्य मागण्यांत वनजमिनीचे पट्टे होते, कारण दहा वर्षांत दाव्यांचे डोंगर साठले होते. कुठे फेटाळले, कुठे पाच एकर मागितले तर वीस गुंठे दिले. सरकारने लेखी आश्वासन दिले. किती गावांत ते पुरे झाले हा मोर्चेकऱ्यांचा आजचाही प्रश्न आहे.

आणि आता तातडी वाढली आहे. 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरमध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली. त्याआधीच बुलेट ट्रेन, मुंबई-वडोदरा महामार्ग आणि मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग याच जिल्ह्यातून गेले. तारापूरच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण उठली, तेव्हापासून या भागाला हे पक्के ठाऊक आहे की विस्थापनात पहिला प्रश्न ‘कुटुंब म्हणजे कोण’ हा असतो. 2013 च्या भूसंपादन कायद्याने विधवा, घटस्फोटित आणि टाकलेल्या बाईला स्वतंत्र कुटुंब मानले. लग्न न लागलेल्या, पण संसार करणाऱ्या बाईचा त्यात उल्लेख नाही. संयुक्त पट्टा असला तर भरपाईच्या पैशावर तिलाही हक्क सांगता येतो. पट्टा एकट्या पुरुषाच्या नावे असला आणि तो गेला, तर तिला आधी वारस नोंद, मग विवाहाचा पुरावा, मग दीराची हरकत, मग न्यायालय. पालघर-बोईसर रस्त्यावरच्या कोळगावच्या जिल्हा मुख्यालयात अशा बायका येतात, पिशवीत आधार कार्ड आणि शिधापत्रिका घेऊन.

किसान सभा आणि महिला संघटना यांनी आता दोन गोष्टी लावून धराव्यात. प्रलंबित आणि मंजूर झालेल्या सगळ्या दाव्यांचा दुसरा रकाना गावनिहाय तपासावा आणि जिथे बाईचे नाव राहिले तिथे ग्रामसभेचा ठराव घेऊन दुरुस्ती मागावी. आणि ग्रामसभेने जोडपे म्हणून मान्य केलेल्यांचा ठराव भरपाई, निवृत्तिवेतन, कारखान्यातील अपघात या सगळ्या कामांत पुरावा म्हणून धरावा, असा शासन निर्णय राज्याकडून काढून घ्यावा. 1 मे 2024 रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आईचे नाव लावण्याचा निर्णय राज्याने घेतलाच आहे. त्या मुलाच्या आईचे नाव जमिनीच्या कागदावरही लागायला हवे. येत्या ग्रामसभांच्या विषयपत्रिकेत हा विषय घालायचा, तर तयारी सभेच्या पुरेशी आधी करावी लागेल.